खिशातलं अळवाचं पान

दसऱ्याला पहाटे तुळजापुरात देवीचं सीमोल्लंघन झालं, पालखीवर हळद-कुंकवाची उधळण झाली, आणि गर्दीत फोन उंच धरून व्हिडिओ काढणाऱ्यांत मीही होतो. उन्हं चढल्यावर घरी आलो तेव्हा फोन ओळखू येईना. काचेवर लाल थर, पारदर्शक कव्हराच्या कडेला पिवळी रेघ, स्पीकरच्या जाळीत कुंकू दाबून बसलेलं. आधीचे चार दिवस तोच फोन शेतात सोयाबीनच्या मळणीयंत्राशेजारी होता, त्यामुळे चार्जिंगच्या भोकात भुसा. त्यातच मावशीने भूमहून खवा पाठवलेला. तो बोटाने चाखता चाखता दोन फोन घेतले होते, त्याचे तुपकट ठसे वेगळेच. अख्खा आश्विन महिना त्या सहा इंचांवर गोळा झाला होता.

आई अंगणात दिवाळीसाठी माळ्यावरची पितळी भांडी काढून बसली होती. पुढ्यात चिंचेचा कोळ, मीठ, राख आणि काथ्याची शेंडी. माझ्या हातातला फोन बघून म्हणाली, ‘‘आण हिकडं, चिंच लावून देते घासून.’’

ती चेष्टा करत होती. पण मी तरी वेगळं काय करणार होतो? सदऱ्याचं टोक पाण्यात बुडवून ते काचेवर रगडायच्या बेतात होतो. घासलं की लख्ख होतं, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. पितळेच्या बाबतीत ते खरंही आहे. भांड्यावर चढलेला काळा-हिरवा थर म्हणजे धातूचा हवेशी झालेला संसार. चिंचेतलं टार्टरिक आम्ल तो विरघळवतं, राख त्याला खरवडून काढते आणि खालून कोरं पितळ वर येतं. दर दिवाळीला भांडं कणभर झिजतं. आजीच्या तांब्यावर कोरलेलं तिचं नाव आता तिरपं धरल्याशिवाय वाचता येत नाही. पण तांब्या जाड आहे, अजून तीन पिढ्या घासला तरी खालून पितळच निघेल.

फोनच्या काचेचं तसं नाही. तिच्या अंगावर एक कातडी आहे. ती गेली की खालून दुसरी येत नाही.

ही कातडी दिसत नाही, पण हाताला कळते. नवा फोन घेतल्यावर बोट लोण्यावरून फिरावं तसं फिरतं आणि ठसा एका फटकाऱ्यात निघतो. दोन वर्षांनी त्याच काचेवर बोट अडखळतं, ठसे फासले जातात पण निघत नाहीत. काच तीच असते, तिच्यावरचा लेप झिजलेला असतो. कार्बन आणि फ्लोरिनच्या रेणूंचा हा तेलरोधक लेप काही नॅनोमीटर जाडीचा असतो. केसाच्या जाडीचे पाच-दहा हजार काप केले तर त्यातला एखादा काप तेवढा भरेल. 2009 साली आयफोन 3जीएसच्या काचेवर तो आला आणि मग हळूहळू बहुतेक सगळ्या फोनांवर. बोटाचं तेल, खव्यातलं तूप, कपाळाचा घाम हे सगळं या लेपावर पसरत नाही, थेंब होऊन आखडून बसतं. म्हणून ते पुसलं जातं.

अळवावरचं पाणी आपण बोलण्यात शेकडो वेळा आणतो, पण पान कधी निरखून बघतो का? अळवाच्या पानावर सूक्ष्मदर्शकातून दिसतील अशा बारीक उंचवट्यांची दाटी असते आणि त्यांवर मेणाचे कण. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर तोलून बसतो, खाली हवा अडकलेली असते, त्यामुळे पान हललं की तो घरंगळतो. फोनच्या काचेला असे उंचवटे परवडत नाहीत, चित्र धूसर होईल. म्हणून तिथे अळवाची युक्ती सोडून नुसत्या रसायनावर भिस्त ठेवली. कार्बनला फ्लोरिन एकदा घट्ट बिलगला की त्या जोडीला दुसऱ्या कुणाशी सोयरीक नको असते, पाण्याशी नाही आणि तेलाशीही नाही. याच कुळातला थोरला भाऊ म्हणजे टेफ्लॉन. 6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाच्या सिलिंडरमधून वायू येईना, पण सिलिंडरचं वजन तर भरलेल्याइतकंच. त्यांनी तो चक्क करवतीने कापला, तर आत पांढरी, मेणचट, कशालाच न चिकटणारी पूड! नॉनस्टिक तव्यापासून फोनच्या कातडीपर्यंतची वंशावळ त्या कापलेल्या सिलिंडरपाशी जाते.

तर आईची राख, टूथपेस्ट, भांड्याची पावडर, लिंबू, व्हिनेगर, ब्लीच आणि खिडक्या पुसायचे अमोनियावाले फवारे ही सगळी मंडळी या कातडीची वैरी. टूथपेस्टने ओरखडे जातात असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक खर घातलेली असते. ती ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा लेप खरवडते.

लेपाखालची काच मात्र लेचीपेची नाही, आणि ती कशी घडते हे कळल्यावर मी बराच वेळ फोन नुसता उलटसुलट करत बसलो. ही काच सुमारे 400 अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या रिकाम्या जागी पोटॅशियमचे आयन शिरतात. हे पाहुणे मूळ रहिवाशांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठे. एसटीच्या दोन सीटवर तिघांनी बसावं तशी पृष्ठभागावर दाटी होते आणि काच आतल्या आत स्वतःलाच आवळून धरते. तडा पडायचा तर आधी हा आवळ सुटावा लागतो. म्हणून फोन हातातून निसटून फरशीवर पडतो, आपला जीव वर-खाली होतो आणि पुष्कळदा काहीच झालेलं नसतं. कॉर्निंग कंपनीने या काचेचं मूळ संशोधन 1960च्या दशकात केलं होतं. त्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते 2007 साली, पहिल्या आयफोनच्या रूपाने.

पण ओरखड्याचं गणित वेगळं. 1812 साली फ्रीडरिश मोह्स यांनी खनिजांची कठीणपणाची उतरंड लावली: तळाशी शंखजिरं, माथ्यावर हिरा. तीत फोनची काच सहाच्या आसपास बसते. किल्ल्यांचं पितळ आणि चाकूचं पोलाद तिच्या खाली. म्हणजे खिशात किल्ल्या खुळखुळल्या म्हणून काचेला सहसा काही होत नाही. काचेवर मात करते ती गारगोटी, कारण ती सातावर आहे. आपल्या जिल्ह्यातली काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, आणि तिच्यातली चिकणमाती खरोखरच मऊ असते. पण ती ज्या लाव्हाच्या खडकातून झिजून आली, त्या खडकाच्या पोकळ्यांत गारगोट्या धरलेल्या असतात. बालाघाटच्या कुठल्याही उतारावर चाला, नांगरटीत त्या चमकताना दिसतात. त्यांचा चुरा धुळीत असतोच. ज्वारीच्या पात्याने बोट कापतं, कारण तिच्या अंगातही वाळूचंच द्रव्य, सिलिका, साठलेली असते, आणि कडबा कुटला की तीही उडते. शेतातून आलेला फोन सदऱ्याला रगडणं म्हणजे पॉलिश पेपरने काच पुसणं. किल्ल्यांना उगाच दोष, चोर धुळीत.

तेव्हा पहिलं काम पुसण्याचं नाही, झटकण्याचं. फोन बंद केला, चार्जर काढला, कव्हर उतरवलं. फोन पालथा धरून पाठीवर हलके टिचक्या मारल्या. कुंकू भुरभुर खाली पडलं. मऊ केसांच्या कोऱ्या ब्रशने, दाब न देता, उरलेलं कडेला लोटलं. रंगाऱ्याकडचा लहान ब्रश चालतो, मेकअपचा तर उत्तमच. एवढं झाल्यावर मग फडकं.

फडक्याचा विषय निघाला की आपण तेरला जायलाच हवं. तेरणाकाठचं हे गाव गोरोबाकाकांचं. पण त्याच्याही कितीतरी आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचा ‘तगर’ म्हणून उल्लेख येतो. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक इवलीशी हस्तिदंती बाहुली आहे. तिची बहीण शोभावी अशी भारतीय बाहुली इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेखाली सापडली, आणि तीही 1938 सालीच, टेफ्लॉनच्या वर्षी. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही. सांगायचं इतकंच की तलम सुती कापडाचं शहाणपण या मातीला नवं नाही. शेकडो धुण्यांनी मऊसूत झालेलं जुनं धोतर फोनची काच पुसायला चांगलं. अट एकच, ते त्या कामासाठीच ठेवलेलं आणि धूळ न बसलेलं असावं. पदर आणि उपरणं म्हणूनच बाद, त्यांनी दिवसभर शेत पांघरलेलं असतं.

चष्म्याच्या दुकानात मिळतं ते मायक्रोफायबरचं फडकं धोतराच्याही पुढचं. पॉलिएस्टर आणि नायलॉनचा एकेक धागा संत्र्याच्या फोडींसारखा उभा चिरतात. फोडींना कडा येतात, कडांमध्ये फटी राहतात, आणि तेल त्या फटींत आपोआप ओढलं जातं. धोतर तेल थोडं उचलतं आणि थोडं पसरवतं. हे फडकं ते उचलून आत कोंडतं. ते मळलं की साबणात धुवायचं, फक्त कपड्यांना सुवास देणारं मऊकारक त्याला लावायचं नाही. त्याने फटी बुजतात.

आता पाणी. फडकं ओलं करायचं ते पिळल्यावर एकही थेंब पडणार नाही इतपतच, आणि फवारा मारायचाच तर फडक्यावर, फोनवर नाही. पण कुठलं पाणी? आमच्याकडे बोअरचं. खडकात मुरून शेकडो फूट खालून वर येताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. अशा जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि माठाला पांढरी किनार धरते. तीच किनार सुकल्यावर काचेवरही उमटते, मग ती काढायला आपण पुन्हा घासतो. उपाय नाक्यावर आहे: बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी डिस्टिल्ड वॉटरची सीलबंद बाटली मिळते. डिस्टिल्ड वॉटरच मागा बरं, तिथे शेजारीच ॲसिडचे कॅन असतात. जारचं पाणीही बोअरपेक्षा कितीतरी बरं.

पाण्याचा विषय आहेच तर एक गंमत करून बघा. फोन चालू असताना पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा मोहरीएवढा थेंब ठेवा आणि डोळा जवळ न्या. पांढऱ्याचा पत्ता नाही! लाल, हिरवे, निळे ठिपके रांगेत उभे दिसतील. थेंब भिंग झालेला असतो. आपण आयुष्यभर ज्याला पांढरं म्हणून बघत आलो, त्यात पांढरा ठिपका एकही नाही. आणि त्या थेंबाजवळ बोट नेलं तर पडदा बावचळेल. काचेखाली विजेच्या वाहकाची अदृश्य जाळी पसरलेली असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित सरकतो, त्यावरून फोनला स्पर्श कळतो. क्षारांचं पाणीही वीज वाहतं, त्यामुळे फोनला वाटतं माणसाला अकरावं बोट फुटलं. पुसताना फोन बंद ठेवायचा तो यासाठीही, नाहीतर फडकंच कुणाला तरी फोन लावतं.

काच झाली, पण खरी जोखीम भोकांशी आहे. स्पीकरच्या जाळीमागे आणि माइकच्या तोंडाशी पुष्कळ फोनांत टेफ्लॉनचाच एक ताणलेला पापुद्रा असतो. 1969 साली बॉब गोर यांनी तापलेल्या टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणायचं सोडून वैतागून एकदम हिसका देऊन ओढली, आणि ती तुटण्याऐवजी कितीतरी पट लांबली. आत सूक्ष्म छिद्रांची जाळी तयार झाली, हवा आरपार जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. देवीच्या नावाचा गजर त्या छिद्रांतून आत गेला आणि कुंकू अडलं. मग ते टोकरायला सुई घ्यायची? माइकचं भोक आणि सिम काढायचं भोक दिसायला सारखीच असतात, आणि चुकीच्या भोकात पिन खुपसणारे खूप आहेत. त्या भोकाच्या तळाशी, पापुद्र्याच्याही पलीकडे, सिलिकॉनचा पडदा असतो, मिलिमीटरभर रुंद आणि मायक्रॉनभर जाड. आपला आवाज त्याच्यावर आदळतो, तो थरथरतो आणि पुण्याच्या लेकाला आपला खोकला ऐकू जातो. त्याला सुई म्हणजे ढोलाला पहार.

जाळीसाठी फोन असा धरायचा की जाळीचं तोंड जमिनीकडे राहील, आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच झाडायचं. तरी राहिलं तर चिकटपट्टी अलगद दाबून उचलायची, कुंकू तिच्यावर येतं. तोंडाने फुंकायचं नाही, फुंकरीबरोबर थुंकी जाते. आणि पंक्चरवाल्याच्या हवेने तर मुळीच नाही. ‘एक फुर्र मारून दे’ म्हणत फोन पुढे करणारे मी बघितले आहेत. गाडीच्या टायरला तीसेक पौंड हवा पुरते, पण त्याच्या टाकीत याच्या कितीतरी पट दाब असतो, शिवाय कॉम्प्रेसरचं तेल आणि टाकीत साठलेलं पाणी. भुसा निघतो की आणखी आत जातो ते सांगता येत नाही, पापुद्रा मात्र जातो.

चार्जिंगच्या भोकातला भुसा हा मळणीचा आहेर. नव्या टाइप-सी भोकात मधोमध जेमतेम 0.7 मिलिमीटर जाडीची जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा अशा चोवीस पिना. भुसा आणि खिशातला कापूस तळाशी दाबला जातो, वायर पूर्ण बसत नाही आणि आपण चार्जर बदलत राहतो. इथेही सुई-टाचणी नको. पिना शॉर्ट होतात आणि जीभ मोडते. मी केरसुणीची एक बारीक, कोरडी, न तुटणारी काडी निवडली आणि जिभेच्या वरून-खालून कडेकडेने फिरवली. नमद्यासारखा दाबलेला भुशाचा गोळा बाहेर आला, वर सोयाबीनच्या शेंगेचं कुसळ. हे हलक्या हाताने जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे जावं, त्याच्यासाठी ते दोन मिनिटांचं काम असतं.

जंतूंचं काय, हा प्रश्न कोरोनाने घरोघर नेला. त्याआधी 2011 साली लंडनच्या संशोधकांनी ब्रिटनमधले फोन तपासले, तेव्हा दर सहांतल्या एका फोनवर विष्ठेतले जंतू निघाले होते. संडासातही फोन नेणाऱ्या जगाला धक्का बसायचं खरं तर कारण नव्हतं. फोन निर्जंतुक करायला ॲपलसारखी कंपनी आधी सक्त मनाई करत असे. मार्च 2020मध्ये तिने 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या पुसण्याला परवानगी दिली. सत्तरच का, शंभर का नाही? जंतूच्या अंगातली प्रथिनं उलगडून बिघडवायला पाणीही लागतं, आणि पाण्यामुळे अल्कोहोल लगेच उडून न जाता काम पुरं होईपर्यंत थांबतं. मेडिकलमध्ये ते मिळतं. हातांचं सॅनिटायझर मात्र फोनला नको. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन असतं, ते काचेवर चिकट राहतं आणि पुढची धूळ आवतण देऊन बोलावतं. अल्कोहोलही रोज नको, कातडीला त्याचा त्रास आहेच. दवाखान्यातून आलो, फोन आजारी माणसाच्या उशाशी होता, अशा वेळी. एरवी धोतर पुरे.

आता कव्हर. ते सोडवून साबणाने धुता येतं, म्हणून मी धुतलं, तर पिवळी रेघ लालभडक झाली! हळदीतलं कुरकुमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी कृती तीच. माझ्या कव्हरावर ती नकळत पार पडली होती. स्वच्छ पाण्याने धुतल्यावर रेघ पुन्हा पिवळी. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण उन्हाला भितं, म्हणून हळदीचा डाग पडलेलं धोतर आई उन्हात टाकते. कव्हरही टाकलं, दुपारपर्यंत रेघ फिकी झाली. फार दिवस ठेवू नये, पारदर्शक प्लास्टिक उन्हानेच पिवळं पडतं आणि तो पिवळा मग कशानेच जात नाही. फोनला मात्र ऊन दाखवायचं नाही. बॅटरीला पस्तीस अंशांच्या वर गेलेलं सोसत नाही, आणि आमची ऑक्टोबरची दुपार त्या आकड्याला सहज शिवते.

फोन पाण्यात पडला तर तांदळात पुरायचा, हा सल्ला आमच्याकडे येता येता ज्वारीचा झाला. एका नातेवाइकाने हौदात पडलेला फोन दोन दिवस ज्वारीच्या कणगीत ठेवला होता. दाणे हवेतला ओलावा थोडाफार घेतात, फोनच्या पोटातलं पाणी ओढत नाहीत, उलट पिठाची धूळ भोकांत सोडतात. 2024च्या सुरुवातीला ॲपलने तांदूळ वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. फोन बंद करून, भोक खाली धरून, हवेशीर जागी ठेवावा आणि चार्जिंगला लावू नये. ओलावा आणि वीज एकत्र आली की आतलं तांबं विरघळायला लागतं.

एव्हाना आईचा शेवटचा तांब्या धुऊन पालथा पडला होता. माझी काच दिसायला स्वच्छ होती. आईने हात पुसले, फोन घेतला, आणि चष्म्याला करते तसं काचेवर तोंड नेऊन ‘हाः’ केलं. मी ओरडणार होतो, पण थांबलो. भोकांपासून लांब, काचेच्या मधोमध, श्वासातली वाफ गार काचेवर धरली होती. ते पाणीच होतं, क्षार नसलेलं, डिस्टिल्ड, बाटलीशिवाय. लॉर्ड रॅले यांनी 1911 साली काचेवरच्या अशा श्वासाच्या आकृत्यांवर लिहिलं होतं: स्वच्छ काचेवर वाफ एकसंध पसरते, तेल असेल तिथे बारीक थेंबांची होते, म्हणून न दिसणारा डागही उमटतो.

धुक्यात एक रेघ उमटली. वरच्या डाव्या ठिपक्यातून आडवी, तिथून तिरकी खाली, पुन्हा आडवी. मी दिवसातून शंभरदा ओढतो ती कुलपाची नक्षी, खव्याच्या तुपात रेखलेली. 2010 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी काचेवरच्या अशाच तेलकट रेघांवरून फोनची कुलपं ओळखून दाखवली होती. त्यांना प्रकाश आणि कॅमेरे लागले होते.

‘‘आरं, ह्यो तर झेड हाय,’’ आई म्हणाली, आणि धोतराच्या तुकड्याने ती रेघ पुसून तिने फोन माझ्या हातात दिला.